स्वतंत्र प्रोग्रॅमरचे विकता येणारे साडेचार तास

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करणारा प्रोग्रॅमर पहिल्याच आठवड्यात एक हिशोब मांडतो: दिवसाचे आठ तास, महिन्याचे बावीस दिवस, गुणिले ताशी दर. हा हिशोब दोन महिन्यांत कोसळतो. आठ तास खुर्चीत बसता येतं, पण ज्याचं बिल क्लायंटला बेधडक लावता येईल असं काम दिवसाला चार, फार तर पाच तासच होतं. उरलेला वेळ फोन, मेल, कोटेशनं, पैशांचा पाठपुरावा आणि रुसलेला लॅपटॉप यांत जातो. त्याचे पैसे कोणी देत नाही. पुढे दिलेली पद्धत त्या चार-साडेचार तासांभोवती बेतलेली आहे. ते सलग मिळाले पाहिजेत, कुठे गेले ते कळलं पाहिजे आणि त्यांचे पैसे वेळेवर हातात पडले पाहिजेत.

१. दर सांगण्याआधी वर्षाचे तास मोजा

कागद घ्या. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ उरतात. सणासुदीचे १२ आणि आजारपण, लग्नकार्य, गावी जाणं यांचे १५ वजा करा. उरले २३४. गुणिले साडेचार म्हणजे वर्षाला साधारण १,०५३ तास. आता हातात यायला हवी ती रक्कम लिहा, समजा १२ लाख. त्यात धंद्याचा खर्च मिळवा: लॅपटॉपची घसारा-रक्कम, इंटरनेट, वीज, सीएची फी, आरोग्य विमा, सॉफ्टवेअरची वर्गणी. हा खर्च अडीच लाख धरला तर एकूण साडेचौदा लाख. भागिले १,०५३ केलं की तासाला सुमारे १,३८० रुपये येतात. १,४०० सांगा.

हाच माणूस आठ तासांच्या हिशोबानं गेला असता तर वर्षाचे २,११२ तास धरून आणि खर्च विसरून ५७० रुपये म्हणाला असता. रात्री-अपरात्री काम करणारे आणि तरीही महिनाअखेरीला ओढाताण होणारे बहुतेक नवखे याच ५७० वर अडकलेले असतात. एकदा सांगितलेला दर त्याच क्लायंटकडे दुप्पट करता येत नाही, त्यामुळे ही चूक दोन-दोन वर्षं पुरते.

पहिल्या वर्षी १,०५३ तासांपैकी बरेच तास रिकामे जातील. त्याची भरपाई दर फुगवून होत नाही. त्यासाठी नोकरी सोडतानाच सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला लागतो.

२. दोन आठवडे वेळेची नोंद ठेवा, मगच वेळापत्रक करा

साधी वही किंवा स्प्रेडशीट चालेल. रकाने सहाच: तारीख, कधीपासून, कधीपर्यंत, क्लायंट, काम, बिल लागेल का. किमान एकक १५ मिनिटांचं. टॉगल किंवा क्लॉकिफायसारखं अ‍ॅप वापरायचं तर वापरा, पण दोन पथ्यं पाळा. नोंद त्या त्या वेळी करा, कारण रात्री आठवून लिहिलेली नोंद नेहमी सज्जन असते. आणि ‘काम’ या रकान्यात ‘डेव्हलपमेंट’ असं मोघम लिहू नका. ‘इनव्हॉइस पीडीएफमध्ये जीएसटीचं राउंडिंग’ असं लिहा. महिनाअखेरीला क्लायंटनं विचारलं की हीच ओळ उत्तर देते.

दोन आठवड्यांनंतर नोंद वाचली की बहुतेकांना दोन गोष्टी दिसतात. दहा मिनिटांचा फोन नोंदीत दहा मिनिटांचाच असतो, पण त्याच्यानंतरची वीस मिनिटं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. मघाशी डोक्यात उभा असलेला कोड परत उभा करायला तेवढा वेळ लागतो. आणि सगळ्यात चांगलं काम दिवसाच्या ठरावीक भागातच झालेलं असतं. कोणाचं सकाळी सात ते दहा, कोणाचं घर झोपल्यावर. आपला भाग कोणता ते नोंदीतून काढा. ‘पहाटे चारला उठा’ छापाच्या सल्ल्यातून काढू नका.

३. वीज, नेट, जागा

हा भाग शहरातले लोक टाळतात आणि पहिल्या पावसाळ्यात शिकतात.

१२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरची गळती वजा केली की साधारण ७६० उरतात. लॅपटॉप ६०, मॉनिटर २५, राउटर १२ आणि जुना सीलिंग फॅन ७५ वॉट, एकूण १७२. म्हणजे साडेचार तासांच्या आसपास. तोच पंखा ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) बसवला की सहा तास मिळतात. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदला.

डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना बघा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर पुरवठा बदलायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं. पण यूपीएस मोडला व्होल्टेज नीट लागतं. तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे तो मोड वीज असतानाही बॅटरीवरच चालवत राहतो. तिथे लॅपटॉप आणि साधा मोड बरा.

राउटरला वेगळा छोटा यूपीएस घ्या. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या. तरीही मोठ्या खंडित पुरवठ्यात गल्लीतल्या डब्यातली नेटवाल्याची यंत्रणाच बंद पडते आणि घरातला राउटर हिरवा दिवा लावून नुसता बसतो. म्हणून ब्रॉडबँड एका कंपनीचं आणि फोनचं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. हॉटस्पॉटवर एक पूर्ण तास काम करून आधीच बघा. व्हीपीएन अडतं का, डॉकरच्या इमेज (प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या मोठ्या तयार फाइली) ओढताना डेटा किती जातो, हे ऐन मीटिंगच्या दिवशी कळायला नको.

खुर्ची-टेबलाबद्दल थोडक्यात: मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर काटकोनात. नुसत्या लॅपटॉपवर हे तिन्ही जमत नाही. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कीबोर्ड-माउस जोडला की जमतं. त्याला हजार-बाराशे रुपये पुरतात.

दार असलेली खोली नसेल तर दाराचं काम वेळेनं करावं लागतं. ‘घरीच तर असतोस’ या वाक्याला भांडून उत्तर मिळत नाही. सकाळी दहा ते साडेबारा हेडफोन कानावर असेल तेव्हा हाक मारायची नाही आणि साडेबारानंतर बँक, गॅस, कुरिअर काहीही सांगा, असा ठोक करार घरात चालतो. दिवसभर ‘मी कामात आहे’ म्हणणाऱ्याचं मात्र कोणीच ऐकत नाही.

४. दिवसाची आखणी: दोन मोठे तुकडे, एक छोटा

साडेचार तासांचे तीन तुकडे करा: पावणेदोन तास, पावणेदोन तास आणि एक तास. मोठे तुकडे अवघड कामाला, म्हणजे नवा कोड, न सुटणारा बग, डेटाबेसची रचना. छोटा तुकडा किरकोळ दुरुस्त्यांना आणि कोड तपासायला. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही टोमॅटोच्या घड्याळाची (पोमोडोरो) पद्धत प्रसिद्ध आहे, पण प्रोग्रॅमिंगला पंचवीस मिनिटं अपुरी पडतात. हात बसतो न बसतो तोच घंटा वाजते. कंटाळवाण्या कामाला मात्र ती चांगली, उदाहरणार्थ चाळीस फॉर्मची व्हॅलिडेशनं (भरलेली माहिती बरोबर आहे का याच्या तपासण्या) लिहिताना. अवघड कामाला ५० मिनिटं आणि १० मिनिटं हे प्रमाण जमतं. त्या दहा मिनिटांत फोन बघायचा नाही. उठायचं, पाणी प्यायचं, खिडकीतून लांब बघायचं.

पहिला तुकडा संपेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका. फोन उलटा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. तातडीसाठी क्लायंटला एक नियम सांगून ठेवा: साइट बंद पडली तर थेट फोन करा, बाकी सगळं मेलवर, उत्तर दुपारी एक आणि संध्याकाळी सहा वाजता. बहुतेक क्लायंटना लगेच उत्तर नको असतं. उत्तर कधी येईल ते माहीत असलं की पुरतं.

परदेशी क्लायंट असेल तर घड्याळाचं गणित भिंतीवर लावा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. बर्लिनचे नऊ म्हणजे साडेबारा किंवा दीड. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्च आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांच्या शेवटच्या रविवारी बदल होतो. मधल्या आठवड्यांत दोन्हीकडच्या क्लायंटांची मीटिंग एकमेकांवर आदळू शकते. कॅलेंडरमधलं आमंत्रण नेहमी क्लायंटच्या टाइम झोनमध्ये तयार करा, म्हणजे बदल आपोआप लागू होतो. आठवड्याला दोन दिवस संध्याकाळी कॉल, बाकी दिवशी नाही, असं ठरवलं तर रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर होतं.

सुट्ट्या आधीच कळवा. गणपतीत गावी जाणार असाल तर जुलैच्या सुरुवातीलाच तारखा मेलनं सांगा आणि सुट्टीच्या आधीचे दोन दिवस नवं काहीही डिप्लॉय करू नका, म्हणजे चालू सर्व्हरवर चढवू नका. कोकणातल्या वाडीत रेंज शोधत सर्व्हर चालू करण्याची पाळी त्या दोन दिवसांतल्या डिप्लॉयमुळे येते. परदेशी क्लायंट डिसेंबरच्या शेवटी गायब असतात. त्यांच्या लायब्ररी अपडेट करणं, टेस्ट वाढवणं असली कामं तेव्हाच्या शांत दिवसांत ठेवली तर दिवाळीची सुट्टी कोणाला खुपत नाही.

दिवस संपवताना पाच मिनिटं राखून ठेवा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘उद्या’ नावाची फाइल ठेवा आणि तीन ओळी लिहा: कुठे थांबलो, पुढची पहिली कृती कोणती, काय संशयास्पद वाटतंय. त्याहून चांगला उपाय म्हणजे एक नापास होणारी टेस्ट (कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून उठणं. सकाळी ती चालवली की लाल ओळ काम सांगते आणि मेल वाचून ‘वॉर्म-अप’ करण्याची सबब उरत नाही.

५. ‘छोटंसं काम आहे’ लेखी करून घ्या

स्थानिक क्लायंट मागण्या फोनवर सांगतो, व्हॉइस नोटमध्ये सांगतो, चहा पिताना सांगतो. ‘फक्त एक बटण टाकायचंय’ यातलं बटण पाच मिनिटांचं असतं. ते दाबल्यावर काय व्हायला हवं हा प्रश्न तीन दिवसांचा असतो. म्हणून प्रत्येक बोलण्यानंतर त्याच दिवशी एक मेल पाठवा. तो असा असावा:

‘आज बोलल्याप्रमाणे: ऑर्डरच्या यादीवर “एक्सेल डाउनलोड” बटण. फक्त अ‍ॅडमिनला दिसेल. निवडलेल्या तारखांमधल्या ऑर्डरी, जास्तीत जास्त १०,००० ओळी. रकाने: ऑर्डर क्रमांक, तारीख, ग्राहक, रक्कम, जीएसटी. रद्द झालेल्या ऑर्डरी यात नाहीत. अंदाज ६ तास. हा मूळ कामाबाहेरचा बदल असल्यानं वेगळं बिल लागेल. तुमचा होकार आला की सुरू करतो.’

या मेलमधलं सर्वांत मोलाचं वाक्य रद्द ऑर्डरींचं आहे. काय नाही ते लिहिलं की अर्धे वाद जन्माला येण्याआधीच मिटतात. होकाराशिवाय सुरुवात करू नका. तीन तासांचं काम असलं तरी नाही.

६. अंदाज देण्याची रीत

‘किती दिवस लागतील?’ याचं उत्तर फोनवर कधीच द्यायचं नाही. ‘उद्या दुपारपर्यंत कळवतो’ एवढंच म्हणा. मग काम अशा तुकड्यांत फोडा की एकही तुकडा चार तासांहून मोठा नसेल. जो तुकडा फुटत नाही तो तुम्हाला अजून कळलेला नाही. तो समजून घ्यायला अर्धा दिवस वेगळा धरा आणि त्या अर्ध्या दिवसाचंही बिल लावा.

फोडूनही अनिश्चित राहणाऱ्या कामाला तीन आकडे लिहा: सगळं सुरळीत झालं तर, बहुधा, आणि सगळं फिसकटलं तर. मधल्या आकड्याला चारनं गुणा, बाकीचे दोन मिळवा, सहानं भागा. पेमेंट गेटवे जोडायला ६, १० आणि २६ तास वाटत असतील तर ६ अधिक ४० अधिक २६ म्हणजे ७२, भागिले सहा, १२ तास. खरी माहिती २६ या आकड्यात आहे. तो एवढा मोठा का? गेटवेकडून खातं मंजूर व्हायला लागणारा वेळ, रिफंडचे नियम, एकच वेबहूक (पैसे आल्याचा गेटवेचा आपोआप येणारा निरोप) दोनदा येणं. हे धोके क्लायंटला अंदाजाबरोबरच लिहून कळवा. खातं मंजूर करून घेणं ही त्याची जबाबदारी आहे, हेही त्याच मेलमध्ये.

नवखे नेहमी विसरतात अशा गोष्टी: सर्व्हरवर चढवणं, जुना डेटा नव्या रचनेत आणणं, मोबाइलवर तपासणं, क्लायंटच्या माणसाला शिकवणं आणि पहिल्या आठवड्यातल्या दुरुस्त्या. नुसत्या कोडच्या अंदाजात यांच्यासाठी निदान ४० टक्के मिळवा. काम संपल्यावर अंदाज आणि नोंदीतले खरे तास शेजारी-शेजारी लिहा. पाच-सहा कामांनंतर स्वतःचा गुणक दिसू लागतो. कोणाचा १.३ असतो, कोणाचा २. तो लाजेनं लपवू नका, पुढच्या अंदाजाला लावा.

७. कोडच्या सवयी, एकट्या माणसासाठी

टीममध्ये दुसरं कोणीतरी कोड वाचतं. एकट्याचा कोड सहा महिन्यांनी तो स्वतःच वाचतो आणि तोवर परका झालेला असतो. म्हणून गिटमधले (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, छोटे करा, साधारण ३० ते ६० मिनिटांच्या कामाचा एक. संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. काय बदललं ते फरकात दिसतंच. छोट्या कमिटांचा मोबदला ‘गिट बायसेक्ट’ ही इतिहास निम्मा-निम्मा करत बिघाड शोधणारी आज्ञा चालवताना मिळतो. हजार कमिटांपैकी नेमक्या कोणत्या कमिटमुळे बिघडलं ते दहाएक तपासण्यांत सापडतं. ‘शुक्रवारचे बदल’ नावाचा दोन हजार ओळींचा एकच कमिट असेल तर बायसेक्ट त्याच्यापाशी येऊन थांबतो आणि पुढे तुम्ही आणि त्या दोन हजार ओळी.

एकाच वेळी दोनच चालू क्लायंट ठेवा. तिसरा असला तर फक्त देखभालीचा. क्लायंट तासाला बदलू नका, निदान अर्ध्या दिवसानं बदला. प्रत्येकाचं फोल्डर, ब्राउझर प्रोफाइल आणि एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरण्याची डिजिटल किल्ली) वेगळी ठेवा. गिटच्या मुख्य कॉन्फिगमध्ये ‘इन्क्लूड-इफ’ वापरून फोल्डरनुसार नाव-ईमेल ठरवून टाका, नाहीतर एका कंपनीच्या कोडमध्ये दुसऱ्या कंपनीनं दिलेल्या ईमेलवरून कमिट जातो आणि तो सगळ्यांना दिसतो.

पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून रिपॉझिटरीत, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्यात, गेली तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ खोडून काहीही साधत नाही. जुन्या इतिहासात ती तशीच असते. आधी की रद्द करून नवी काढा, मग क्लायंटला कळवा, आणि सवडीनं इतिहास साफ करा. हा क्रम उलटा झाला तर मधल्या वेळेत की वापरली जाऊ शकते.

अडकल्यावर चाळीस मिनिटांची मर्यादा पाळा. तेवढ्यात सुटलं नाही तर हात थांबवून तीन गोष्टी लिहा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून बघितलं. मग बग दाखवणारा छोट्यात छोटा प्रोग्रॅम बनवा. बऱ्याचदा तो बनवतानाच उत्तर सापडतं आणि नाही सापडलं तरी दुसऱ्याला विचारायला मजकूर तयार असतो.

एआयच्या साधनांकडून कोड लिहून घेताना दोन गोष्टी सांभाळा. क्लायंटचा कोड किंवा डेटा बाहेरच्या सेवेला द्यायला करारात परवानगी आहे का ते आधी बघा. आणि जी ओळ क्लायंटला समजावून सांगता येणार नाही ती कमिट करू नका, कारण बिघडल्यावर रात्री फोन तुम्हालाच येणार.

दुपारी चारनंतर आणि शुक्रवारी डिप्लॉय नाही. डेटाबेसच्या रचनेत बदल असेल तर आधी बॅकअप, आणि परत फिरण्याच्या आज्ञा आधीच एका फाइलमध्ये लिहून तयार. घाबरलेल्या माणसाला आज्ञा आठवत नाहीत, आठवल्याच तर चुकीच्या सर्व्हरवर टाइप होतात. प्रॉडक्शन (म्हणजे खऱ्या वापरातल्या) सर्व्हरच्या टर्मिनलची पार्श्वभूमी लाल ठेवा. हा उपाय फुकट आहे आणि फार नोकऱ्या वाचवतो.

८. बॅकअप घेणं आणि तो उघडून बघणं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. कोड गिटच्या सर्व्हरवर असतो म्हणून निर्धास्त राहू नका. करार, बिलं, वेळेची नोंद आणि ‘उद्या’च्या फाइली तिथे नसतात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक बॅकअप कोऱ्या डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष उतरवून बघा. हमखास सापडणारे घोटाळे असे: डिस्क भरल्यामुळे बॅकअपची फाइल दोन महिने शून्य बाइटची बनत होती, अपलोड केलेल्या फाइली बॅकअपमध्ये कधी नव्हत्याच, किंवा बॅकअप ज्या कीनं कुलूपबंद केला ती की बंद पडलेल्या लॅपटॉपमध्येच होती.

९. करार, बिल, कर

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण लेखी हवा. आगाऊ ३० ते ४० टक्के, उरलेले दोन-तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा १५ टक्क्यांहून मोठा नको. शेवटचा हप्ताच बुडतो, म्हणून तो लहान ठेवायचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकर नसलेल्या प्रोग्रॅमरनं लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो प्रोग्रॅमरच असतो. हक्क लेखी द्यावे लागतात, आणि लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. क्लायंटला कायमचे, जगभरचे हक्क हवे असतात. ते द्या, पण ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावर’ हे शब्द घालून द्या.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून होणारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ ला सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची वजावट कंपनीला पैसे देईपर्यंत मिळत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापा. व्याज कोणी सहसा मागत नाही, पण मार्चमध्ये अकाउंट विभाग हाच क्रमांक बघून बिलं काढतो.

वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या २० लाखांत परदेशी क्लायंटचे पैसेही धरले जातात. नोंदणीनंतर देशातल्या बिलावर १८ टक्के. परदेशी कामाला कर शून्य, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) नव्यानं भरावं लागतं. एप्रिलमध्ये ते विसरलं तर कर भरून परतावा मागत बसावं लागतं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचं बँकेचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात उतरवून बिलाच्या फोल्डरमध्ये टाका, वर्षानंतर ते मिळवणं जिकिरीचं होतं.

आयकरात लहान व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. जमा रकमेच्या किमान ५० टक्के नफा दाखवायचा, मर्यादा ५० लाख, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. तुमचं काम त्यात बसतं का हे सीएकडून एकदा लेखी घ्या. या सोयीत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो, नाहीतर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा. सवय एवढीच लावा: पैसे आले त्याच दिवशी २५ टक्के आणि जीएसटी असेल तर तो पूर्ण, वेगळ्या खात्यात. भारतीय कंपनीनं कापलेला टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) दर तिमाहीला आयकर खात्याच्या २६-एएस या विवरणात बिलाशी जुळवा. कापला पण भरलाच नाही, हे रिटर्न भरताना कळलं तर त्या कंपनीतला तुमच्या ओळखीचा माणूस तोवर सोडून गेलेला असतो.

बिल पाठवायचा दिवस एकच ठेवा, महिन्याची शेवटची तारीख. आठवण सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी, आधीच लिहून ठेवलेल्या साध्या मेलनं. तिसाव्या दिवसानंतर नवं काम थांबवायचं आणि तेही कळवून.

१०. काम बंद करणं

डोमेन आणि क्लाउडचं खातं पहिल्या दिवसापासून क्लायंटच्या नावावर आणि त्याच्याच कार्डवर असू द्या. ‘तात्पुरतं माझ्या खात्यावर घेतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमरला दोन वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे स्वतः भरावे लागतात. किंवा विसरला तर दुसऱ्याची साइट बंद पाडल्याचं खापर त्याच्या डोक्यावर फुटतं.

सुपूर्द करताना एक यादी द्या: रिपॉझिटरी, सर्व्हर, डोमेन, तिसऱ्या पक्षाच्या सेवा, त्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा, बॅकअप कुठे आहे आणि कसा उतरवायचा. ‘मिळालं, तपासलं’ असं मेलवर घ्या. मग क्लायंटला पासवर्ड बदलायला लावा, स्वतःचा प्रवेश काढून टाका आणि लॅपटॉपवर राहिलेली खऱ्या ग्राहकांच्या डेटाची प्रत पुसा.

फुकट दुरुस्तीची मुदत ३० दिवस. बग म्हणजे लेखी मागणीप्रमाणे न चालणारी गोष्ट, बाकी सगळा बदल. एकतिसाव्या दिवशी मुदत संपल्याचा मेल जाऊ द्या आणि त्यातच देखभालीचा मासिक दर, त्यात महिन्याला किती तास येतात आणि न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत, हे लिहा.